सांडपाण्यावर प्रक्रिया होत होती, तरी तळं हिरवं का झालं? लेक वॉशिंग्टनचं प्रकरण

एसटीपी (सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा प्लँट) व्यवस्थित चालू आहे, बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, पुढे नीट सांगतो) लिमिटच्या आत आहे, बाहेर पडणारं पाणी डोळ्याला स्वच्छ दिसतंय, क्लोरीनही दिलं जातंय, आणि तरी ते पाणी ज्या तळ्यात सोडतोय ते तळं वर्षागणिक बिघडत चाललंय. अमेरिकेतल्या सिएटल शहराला १९५० च्या दशकात नेमकं हेच भोगावं लागलं. सांडपाण्याचा विषय नवीन शिकणाऱ्या कोणालाही मी आधी हे प्रकरण वाचायला सांगतो, कारण इथे कोणी चोरून नाल्यात केमिकल सोडत नव्हतं, कोणी प्लँट बंद ठेवून खोटे रिपोर्ट भरत नव्हतं, त्या काळाच्या हिशोबाने सगळे आपापलं काम नीट करत होते आणि त्या नीट केलेल्या कामातूनच तळ्याची वाट लागत होती.

आधी जागा समजून घेऊ. लेक वॉशिंग्टन हे सिएटलच्या पूर्वेला पसरलेलं लांबट आणि चांगलंच खोल तळं आहे, क्षेत्रफळ साधारण ८८ चौरस किलोमीटर, सरासरी खोली ३३ मीटर आणि सगळ्यात खोल जागी ६५ मीटर. दक्षिणेकडून सीडर नदी येते, उत्तरेकडून सम्मामिश, आणि तळ्यातलं सगळं पाणी एकदा बदलायला साधारण अडीच वर्षं लागतात. यातली सीडर नदी मुळात या तळ्यात यायचीच नाही, १९१० च्या दशकात जहाजांसाठी कालवा काढला तेव्हा तळ्याची पातळी सुमारे ९ फूट खाली आली आणि त्याच कामात ही नदी तळ्याकडे वळवली गेली. डोंगरातून येणारं, पोषकद्रव्यं फार कमी असलेलं हे पाणी पुढे फार उपयोगी पडलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिएटलचं कच्चं मैलापाणी सरळ या तळ्यात जायचं. त्याचा त्रास झाल्यावर १९२० आणि ३० च्या दशकांत शहराने आपलं पाणी दुसऱ्या बाजूच्या समुद्राकडे, म्हणजे प्युजेट साउंडकडे वळवलं (पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकाच वाहिनीतून नेणारी एकत्रित गटारं पावसात ओसंडून तळ्यात यायची ती येतच राहिली). १९४० मध्ये तळ्यावर तरंगता पूल झाला, पूर्वेचा किनारा शहराला जोडला गेला, युद्ध संपल्यावर तिकडे उपनगरं भराभर वाढली आणि प्रत्येकाने आपापला छोटा ट्रीटमेंट प्लँट बांधून त्याचं पाणी तळ्यात सोडलं. १९४१ पासून पुढच्या दीड दशकात असे दहाच्या आसपास प्लँट तळ्याभोवती उभे राहिले, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते सगळे मिळून रोज सुमारे २ कोटी गॅलन, म्हणजे साडेसात कोटी लिटरच्या आसपास पाणी सोडत होते. सगळं 'ट्रीटेड', तेही सेकंडरी लेव्हलचं, जे तेव्हा चांगल्यातलं चांगलं मानलं जायचं.

सेकंडरी म्हणजे नक्की काय हे इथे सांगायलाच हवं, कारण खरी गोची तिथेच आहे. सांडपाणी आलं की आधी जाळीतून जातं, चिंध्या आणि प्लॅस्टिक अडकतं, मग ग्रिट चेंबरमध्ये वाळू बसते, मग प्रायमरी क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे पाणी संथ ठेवायच्या टाकीत, जड घाण खाली बसते आणि तेल-ओशट वर तरंगतं ते काढून घेतात. इथपर्यंत सगळा भौतिक मामला आहे. पुढे एरेशन टँकमध्ये (किंवा दगडांच्या ट्रिकलिंग फिल्टरवर) हवा देऊन बॅक्टेरिया वाढवतात, ते पाण्यात विरघळलेला सेंद्रिय माल खातात, त्याचा काही भाग कार्बन डायऑक्साइड होऊन जातो आणि काही भाग त्यांच्या अंगाला लागतो, मग दुसऱ्या क्लॅरिफायरमध्ये हे बॅक्टेरिया गाळ म्हणून खाली बसतात आणि वरचं निवळ पाणी बाहेर जातं. या सगळ्याचा निकाल मोजायचा आकडा म्हणजे बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू ओढून घेतील ते, नमुना ५ दिवस २० अंशाला ठेवून मोजलेलं. कच्च्या सांडपाण्यात हा आकडा २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आसपास असतो, चांगला सेकंडरी प्लँट तो २०-३० वर आणतो. नदीतले मासे गुदमरून मरू नयेत हा या पद्धतीमागचा मूळ उद्देश आणि तो ती उत्तम पार पाडते, यात वादच नाही.

पण बॅक्टेरियाला वाढायला कार्बनसोबत नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो, आणि तो किती लागतो तर ढोबळमानाने १०० भाग बीओडीला ५ भाग नायट्रोजन आणि १ भाग फॉस्फरस. आता हिशोब करा. २०० बीओडी असलेल्या एक लिटर पाण्यातून बॅक्टेरिया फार तर २ मिलिग्रॅम फॉस्फरस उचलणार. त्या काळच्या सांडपाण्यात फॉस्फरस सहज ८ मिलिग्रॅम असायचा, कारण माणसाच्या मलमूत्रातला तर होताच, वर युद्धानंतर घराघरात आलेली फॉस्फेटवाली, म्हणजे फॉस्फरसचा क्षार असलेली, डिटर्जंट. म्हणजे ८ पैकी ६ मिलिग्रॅम तसाच बाहेर, विरघळलेल्या स्वरूपात, शेवाळाला लगेच घेता येईल असा. प्लँटने काही चूक केली म्हणून नाही, त्या डिझाइनमध्ये तो अडवायची सोयच नव्हती म्हणून.

आता हे ६ मिलिग्रॅम तळ्यात गेल्यावर काय करतात ते बघा, मला या प्रकरणातला सगळ्यात डोळे उघडणारा भाग हाच वाटतो. तरंगत्या शेवाळाच्या अंगात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस हे अणूंच्या हिशोबात साधारण १०६ ला १६ ला १ असतात, याला रेडफिल्ड रेशो म्हणतात. त्यावरून काढलं तर १ ग्रॅम फॉस्फरसवर जवळपास ११४ ग्रॅम सुकं शेवाळ उभं राहू शकतं, आणि ते मेल्यावर पूर्ण कुजायला १४० ग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. म्हणजे आपल्या त्या एक लिटर 'स्वच्छ' पाण्यातल्या ६ मिलिग्रॅम फॉस्फरसमध्ये ८४० मिलिग्रॅम प्राणवायू खाण्याची ताकद लपलेली आहे. प्लँटने एवढी वीज जाळून काढलं किती, तर १८० मिलिग्रॅम बीओडी! अर्थात हा वरच्या टोकाचा हिशोब आहे, सगळ्या फॉस्फरसचं शेवाळ होत नाही, सगळं शेवाळ कुजत नाही, काही तळाला गाडलं जातं, पण उलट एकच फॉस्फरस सुटून पुन्हा पुन्हाही वापरला जातो. आणि बीओडीच्या बाटलीत हे काही दिसणार नाही, कारण ती बाटली अंधारात ठेवतात आणि शेवाळाला लागतो उजेड.

तळ्याची तब्येत कशी कळली

१५ जून १९५५ ला वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉर्ज अँडरसन यांनी तळ्यातून आणलेल्या नमुन्यात ऑसिलेटोरिया रुबेसेन्स नावाचं नील-हरित शेवाळ भरपूर सापडलं. (याला आता प्लँक्टोथ्रिक्स म्हणतात, आणि शेवाळ म्हटलं तरी मुळात तो बॅक्टेरियाच, सायनोबॅक्टेरिया.) एरवी कोणी म्हटलं असतं बरं मग, पण तिथले प्राध्यापक डब्ल्यू. टी. एडमंडसन यांना हे नाव चांगलंच माहीत होतं, कारण स्वित्झर्लंडमधलं झुरिकचं तळं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बिघडायला लागलं तेव्हा हेच शेवाळ तिथे पुढे आलं होतं, आणि मग युरोपातल्या बाकी तळ्यांतही तसंच घडलेलं. म्हणजे पुढची गोष्ट काय असणार हे एका अर्थी आधीच लिहून ठेवलेलं होतं.

दुसरं नशीब असं की याच तळ्याचा अभ्यास १९३३ मध्ये आणि परत १९५० मध्ये झालेला होता, त्यामुळे तुलना करायला जुने आकडे हाताशी होते. उन्हाळ्यात खोल तळ्याचे दोन थर होतात, वर कोमट पाणी आणि खाली थंड, आणि खालच्या थराला हवेतून नवीन प्राणवायू मिळत नाही, तर त्या थरातला प्राणवायू उन्हाळाभर किती वेगाने घटतो हे बघितलं की वरून किती मेलेलं शेवाळ खाली पडतंय याचा अंदाज येतो. १९३३ पेक्षा १९५० मध्ये ही घट जास्त होती आणि १९५५ नंतर ती आणखी वाढलेली दिसली. जुन्या नोंदी कोणीतरी नीट ठेवल्या म्हणून हे बोलता आलं, नाहीतर 'तळं पूर्वीपासून असंच आहे' म्हणणाऱ्यांना काय उत्तर देणार होते?

मोजायचं साधन तर इतकं साधं की कोणालाही जमेल. २० सेंटिमीटरची पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवायची, हीच सेक्की डिस्क. १९५० च्या उन्हाळ्यात ती साडेतीन मीटरच्या पुढे दिसत होती, १९६३ पर्यंत जेमतेम १ मीटर. सोबत हिवाळ्यातला फॉस्फेट मोजायचे, कारण हे तळं हिवाळ्यात वरपासून खालपर्यंत एकजीव होतं आणि शेवाळ तेव्हा कमी असतं, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यासाठी तळ्याकडे खत किती शिल्लक आहे ते त्या आकड्यावरून कळतं. शेवाळ फोफावलेलं असताना विरघळलेला फॉस्फेट मोजाल तर तो जवळपास शून्य येईल, कारण तो सगळा शेवाळाच्या अंगात गेलेला असतो, आणि रिपोर्ट बघणाऱ्याला वाटेल पाणी किती छान आहे. नमुना कधी घेतला हे आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे आणि हे आजही कितीतरी ठिकाणी विसरलं जातं, याचा मला खरंच त्रास होतो.

निर्णय

एडमंडसन यांनी मांडलं ते साधारण असं: फॉस्फरसचा मोठा वाटा, निम्म्याहून जास्त, सांडपाण्यातून येतोय, हे असंच चालू राहिलं तर शेवाळ वाढत जाईल, कुजून वास मारेल, पाणी आणखी गढूळ होईल, आणि सांडपाणी पूर्ण थांबवलं तर तळं सुधारेल. आधी भाकीत करायचं, तेही चारचौघांत, आणि मग वर्षानुवर्षं मोजत बसायचं, याला धाडस लागतं.

पर्याय काय होते? प्लँट आणखी चांगले चालवून उपयोग नव्हता हे वरच्या हिशोबातून दिसलंच. फिटकरी, लोहाचे क्षार किंवा चुना घालून फॉस्फेटचा साका बसवता येतो हे रसायनशास्त्र माहीत होतं, पण शहराच्या पातळीवर ते नेहमी वापरायची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती, आणि हवा न देता मग हवा देऊन बॅक्टेरियालाच जास्तीचा फॉस्फरस गिळायला लावायचा ही जैविक पद्धत तर बरीच नंतर आली. मग राहिला एकच मार्ग, तळ्याभोवती मोठ्या गटारवाहिन्या टाकायच्या, सगळ्या छोट्या प्लँटचं पाणी गोळा करायचं आणि तळ्याच्या बाहेर न्यायचं.

अडचण इंजिनिअरिंगपेक्षा कारभाराची जास्त होती, कारण तळं एक आणि त्याच्या काठावर गावं कितीतरी, प्रत्येकाचं आपलं बजेट, प्रत्येकाचा आपला प्लँट नवाकोरा आणि चालू. जेम्स एलिस नावाच्या वकिलांनी सगळ्यांची मिळून एक संस्था, म्हणजे 'मेट्रो', काढायची कल्पना लावून धरली. मार्च १९५८ च्या मतदानात ती पडली, सिएटलने हो म्हटलं पण उपनगरांनी नाही, कारण प्रस्तावात वाहतूक आणि नियोजन असं बरंच काही एकत्र होतं. मग तो छाटून फक्त सांडपाण्यापुरता ठेवला आणि सप्टेंबर १९५८ मध्ये तो पास झाला. खर्च १२ कोटी डॉलरच्या वर, आणि लोकांना सांगितलं गेलं की घरटी महिन्याला साधारण २ डॉलर पडतील. तळं तेव्हा दिसायला फारसं वाईट नव्हतं, सगळ्यात वाईट वर्षं अजून यायची होती, तरी लोकांनी पैसे भरायला होकार दिला, हे मला फार मोठं वाटतं.

मेट्रोचा रेंटन गावातला प्लँट १९६५ मध्ये सुरू झाला, सेकंडरी ट्रीटमेंट करून डुवामिश नदीत सोडणारा. सिएटलच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या वेस्ट पॉइंटचा १९६६ मध्ये, तो फक्त प्रायमरी, पण खोल समुद्रात लांबवर आउटफॉल (पाणी सोडायचा पाइप) टाकलेला. तळ्यात जाणारं पाणी १९६३ पासून टप्प्याटप्प्याने कमी करत गेले आणि १९६८ मध्ये शेवटच्या प्लँटचं पाणीही तळ्यात येणं बंद झालं.

पुढे काय झालं

फॉस्फरस झपाट्याने खाली आला. १९६० च्या दशकाच्या मध्यात जो हिवाळी फॉस्फेट ६० मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या आसपास होता तो काही वर्षांत २० च्या जवळ आला, शेवाळ त्याच प्रमाणात कमी झालं आणि १९७१ च्या सुमाराला सेक्की डिस्क परत १९५० च्या पातळीवर दिसायला लागली. यात एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे: नायट्रेट (पाण्यात विरघळलेलं नायट्रोजनचं रूप) फारसा कमी झाला नव्हता, पाण्यातला कार्बनही होता तसाच होता, शेवाळ मात्र फॉस्फरसच्या मागोमाग उतरलं. त्या काळात डिटर्जंटवाल्यांची बाजू अशी होती की फॉस्फेटला उगाच दोष देताय, शेवाळ कार्बनमुळे वाढतं. एडमंडसन यांनी १९७० मध्ये या तळ्याचे आकडे छापले आणि त्या युक्तिवादाला मोठा धक्का बसला. नंतर १९७३ मध्ये कॅनडात ऑंटारियोमधल्या एका छोट्या तळ्यात मधोमध पडदा लावून एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेच आणि शिवाय फॉस्फरस असा प्रयोग डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने केला, फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली आणि विषय जवळपास मिटला.

इथपर्यंत भाकिताप्रमाणे. पण १९७६ मध्ये जे झालं ते कोणी सांगितलं नव्हतं, पाणी अचानक आणखी स्वच्छ झालं, सेक्की डिस्क उन्हाळ्यात ६-७ मीटर आणि कधीकधी १० मीटरपर्यंत दिसायला लागली. कारण होतं डॅफ्निया, पाण्यातला पिसवेएवढा जीव, जो पाणी गाळून त्यातलं शेवाळ खातो. तो आधी का वाढत नव्हता? एक तर ऑसिलेटोरियाचे लांब तंतू त्याच्या गाळणीत अडकायचे, आणि दुसरं म्हणजे निओमायसिस नावाची छोटी कोळंबीसारखी प्राणी-जात त्याला खायची. ती कोळंबी १९६० च्या दशकाच्या मध्यातच कमी झाली होती, कारण तिला खाणारे स्मेल्ट मासे वाढले होते, पण ऑसिलेटोरिया होतं तोपर्यंत डॅफ्नियाला जोर धरता आला नाही. ते शेवाळ गेलं आणि उरलेला अडथळाही दूर झाला. आपण रसायनाचा एक नळ बंद करतो आणि बाकीचं तळं स्वतः करतं, पण कधी आणि कसं हे त्याच्या वेळापत्रकाने.

सगळीच तळी इतकी लवकर सुधारत नाहीत हेही सांगतो, नाहीतर चुकीची अपेक्षा बसेल. मिनेसोटातल्या शगावा तळ्यावर १९७३ मध्ये फॉस्फरस काढणारा प्लँट बसवला, बाहेरून येणारा फॉस्फरस खूप कमी झाला, पण तळं बरीच वर्षं हिरवंच राहिलं, कारण तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस उन्हाळ्यात प्राणवायू संपला की परत पाण्यात सुटायचा. गाळातलं लोह प्राणवायू असताना फॉस्फेट धरून ठेवतं, प्राणवायू गेला की सोडून देतं. लेक वॉशिंग्टनमध्ये खोल पाण्यातला प्राणवायू कमी झाला होता पण पूर्ण संपला नव्हता, तळं खोल होतं, बिघडून फार वर्षं झाली नव्हती आणि सीडर नदीचं स्वच्छ पाणी सतत धूत होतं. दहा-वीस वर्षं उशीर केला असता तर हेच प्रकरण शगावासारखं झालं असतं असं माझं मत आहे.

आणि ते वळवलेलं पाणी? इथे या प्रकरणाची जास्त चिकित्सा व्हायला हवी. तळ्यातून काढलं म्हणजे नाहीसं झालं असं नाही, ते प्युजेट साउंडमध्ये गेलं. तेव्हाचा तर्क असा की तिथे भरती-ओहोटीने पाणी जोरात घुसळलं जातं, खोली प्रचंड, आणि समुद्रात शेवाळाला बहुतेक वेळा फॉस्फरसची नाही तर नायट्रोजनची टंचाई असते. तर्क बऱ्याच अंशी बरोबर होता. पण १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टने सगळ्या सार्वजनिक प्लँटना सेकंडरी सक्तीचं केलं तरी वेस्ट पॉइंटला ते व्हायला १९९५ उजाडलं, इतकी वर्षं समुद्रात प्रायमरी पाणी जात होतं. रेंटनचं पाणी डुवामिश नदीला जड व्हायला लागलं म्हणून १९८० च्या दशकात तेही पाइपाने समुद्रात नेलं. आणि सगळं दोन-तीन मोठ्या प्लँटमध्ये एकवटल्याची जोखीम ९ फेब्रुवारी २०१७ ला दिसली, जोराच्या पावसात वेस्ट पॉइंटचे पंप बंद पडले, प्लँटच पाण्याखाली गेला, कच्चं मैलापाणी समुद्रात सोडावं लागलं आणि एरेशनमधले बॅक्टेरिया पुन्हा उभे करून प्लँट पूर्ववत व्हायला काही महिने गेले.

आता प्युजेट साउंडमध्ये चर्चा नायट्रोजनची आहे, काही आत शिरलेल्या खाड्यांमध्ये उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू घटतो म्हणून. नायट्रोजन काढणं फॉस्फरसपेक्षा वेगळं काम आहे, तो क्षार घालून खाली बसत नाही. आधी भरपूर हवा देऊन सावकाश वाढणाऱ्या नायट्रिफायर बॅक्टेरियाकडून अमोनियाचं नायट्रेट करून घ्यायचं, मग हवा बंद ठेवलेल्या टाकीत दुसऱ्या बॅक्टेरियाला कार्बन देऊन त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करायचा. नायट्रिफायर टिकवायचे तर गाळ टाकीत जास्त दिवस ठेवावा लागतो, थंडीत तर आणखी जास्त, म्हणजे टाक्या मोठ्या आणि ब्लोअरची (हवा सोडणाऱ्या यंत्रांची) वीज जास्त. वेस्ट पॉइंट एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला पार्क अशा चिंचोळ्या जागेत आहे, त्यामुळे तिथे आणखी टाक्या बांधायला जागा कुठून आणायची हा खरा प्रश्न आहे.